यूट्यूब फक्त वायफायवर, व्हॉट्सअ‍ॅप कुठेही: कोणत्या फोनवर कोणता उपाय बरा?

लाइट गेली की राउटर बंद पडतो, फोन नाही. तो चुपचाप सिमच्या डेटावर सरकतो आणि आजीचं यूट्यूबवरचं कीर्तन अखंड चालू राहतं. दिवसाला दीड जीबीच्या प्लॅनमध्ये कोटा संपला की वेग ६४ केबीपीएसवर उतरतो. हिशेब केला तर तासाभरात जेमतेम २९ एमबी. एवढ्यात व्हॉट्सअ‍ॅपचा मजकूर कसाबसा जातो, व्हिडिओ नाही. इंदूरच्या जेल रोडवर एखाद्या मोबाइलवाल्याला विचारा, उत्तर ठरलेलं असतं: ‘भिया, डेटा बंद रखो.’ पण डेटाच बंद ठेवला तर आजी देवळात गेल्यावर तिला व्हॉट्सअ‍ॅप कॉल लागत नाही. आपल्याला हवं असतं ते निराळंच. व्हॉट्सअ‍ॅप कुठेही चालावं, यूट्यूबने मात्र घरच्या वायफायशिवाय हलू नये.

निवड करण्याआधी एक बघून घ्या: डेटा अ‍ॅप उघडं असताना जातो की बंद असताना? अनंत चतुर्दशीच्या झांक्या (मिरवणुकीतले चित्ररथ) बघायला रात्रभर फिरलात, दोनशे फोटो आणि पंधरा व्हिडिओ काढले आणि फोन खिशात असतानाच ते गूगल फोटोजवर चढले, तर ती पार्श्वभूमीतली गळती. कीर्तनाची गोष्ट उलटी आहे, तिथे अ‍ॅप डोळ्यांसमोर उघडं असतं. बहुतेक लोक पहिल्या रोगाचं औषध दुसऱ्यावर लावतात आणि मग फोनला दोष देतात.

सगळ्यात स्वस्त उपाय अ‍ॅपच्या आतच असतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या ‘स्टोरेज अँड डेटा’मध्ये मोबाइल डेटा, वायफाय आणि रोमिंग या तिन्हींसाठी फोटो, ऑडिओ, व्हिडिओ आपोआप उतरवायचे की नाही ते वेगवेगळं ठरवता येतं. पुण्याच्या नातेवाइकांचे सुप्रभातवाले व्हिडिओ इथेच अडवा. गूगल फोटोजचा मोबाइल डेटावरचा बॅकअप बंद करा, प्ले स्टोअरला ‘फक्त वायफायवर’ सांगा, व्हॉट्सअ‍ॅपच्या चॅट बॅकअपलाही. घरातल्या प्रत्येक फोनवर एवढं करावंच, मग पुढचं काही करा वा न करा. मर्यादा एकच आहे: प्रत्येक अ‍ॅपची मर्जी वेगळी, आणि कीर्तन ऐकणाऱ्याला यातलं काहीच थांबवत नाही.

अँड्रॉइडचा डेटा सेव्हर २०१६ साली अँड्रॉइड ७ बरोबर आला. एक बटण दाबलं की मोबाइल डेटावर असताना सगळ्या अ‍ॅप्सची पार्श्वभूमीतली वाहतूक थांबते. ज्यांना सूट हवी, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप किंवा मेल, त्यांना ‘अनरिस्ट्रिक्टेड डेटा’च्या यादीत टाकायचं. झांकीच्या रात्रीवर हा अगदी नेमका इलाज आहे. पण अ‍ॅप उघडं असेल तर डेटा सेव्हर फक्त ‘जरा जपून वापर’ एवढंच सुचवतो, रोखत नाही. एकेका अ‍ॅपचं ‘बॅकग्राउंड डेटा’ बटणही तेवढंच करतं. पिक्सेलसारख्या साध्या अँड्रॉइडच्या फोनवर उघड्या अ‍ॅपचा मोबाइल डेटा बंद करणारं बटण सेटिंग्जमध्ये नाहीच, कितीही शोधा.

तुमच्या घरी शाओमी, ओप्पो, रिअलमी किंवा वनप्लस असेल तर मात्र नशीब जोरावर आहे. या कंपन्यांनी अ‍ॅपवार परवानगीची सोय स्वतःहून दिली आहे. शाओमीवर अ‍ॅपच्या माहितीत किंवा सिक्युरिटी अ‍ॅपमधल्या डेटा वापराच्या भागात वायफाय आणि प्रत्येक सिम यांच्या वेगळ्या खुणा असतात. सिमची खूण काढली की यूट्यूब उघडं असो वा बंद, सिमवरून काही जाणार नाही. ओप्पोच्या घराण्यात, म्हणजे ओप्पो, रिअलमी आणि वनप्लसवर, ‘फक्त वायफाय’, ‘फक्त मोबाइल डेटा’, दोन्ही किंवा काहीच नाही असे पर्याय मिळतात. सॅमसंगच्या नव्या फोनांवर कनेक्शन्समध्ये डेटा वापराखाली ‘अलाउड नेटवर्क्स फॉर अ‍ॅप्स’ बघा. मेनूची नावं प्रत्येक अपडेटला इकडची तिकडे होतात, म्हणून वाट पाठ करण्यापेक्षा सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘डेटा’ टाइप करा. माझं मत विचाराल तर इतर सगळ्या खटाटोपांपेक्षा हीच सोय सरस आहे. काही उतरवावं लागत नाही, बॅटरी जात नाही, फोन रीस्टार्ट झाला तरी टिकते.

आयफोनवाल्यांचं काम आणखी सोपं, पण अर्धंच. सेटिंग्जमध्ये मोबाइल सर्व्हिस किंवा मोबाइल डेटा उघडून खाली गेलं की सगळ्या अ‍ॅप्सची यादी आणि प्रत्येकापुढे बटण. बंद केलं की ते अ‍ॅप सिमवर उघडल्यावर फोन स्वतःच सांगतो की यासाठी मोबाइल डेटा बंद आहे. घरातल्या ज्येष्ठांना हे बरं पडतं, नेट गेलं म्हणून ओरड होत नाही. उलट बाजू, म्हणजे एखाद्या अ‍ॅपला वायफाय नको आणि मोबाइल डेटाच हवा, ही सोय भारतात मिळणाऱ्या आयफोनवर नाही. यादीतल्या प्रत्येक अ‍ॅपखाली दिसणारा ‘करंट पिरियड’चा आकडा महिन्याचा नसतो. तो तुम्ही स्वतः शून्यावर आणेपर्यंत वाढतच जातो, त्यामुळे ‘फेसबुकने ४० जीबी खाल्ले’ म्हणून लगेच घाबरू नका.

त्याच यादीच्या तळाशी ‘वायफाय असिस्ट’ असतं. २०१५ साली आयओएस ९ बरोबर आलेलं हे बटण मुळातच चालू असतं: वायफाय कमजोर झालं की फोन मोबाइल डेटाचा टेकू घेतो. मागच्या खोलीत राउटरची एकच कांडी येत असेल तर वायफायचं चिन्ह बघून तुम्ही निर्धास्त राहता आणि कोटा मात्र उतरत असतो. दीड जीबीवाल्यांनी ते बंद करावं. सॅमसंगवरही वायफाय मंद झाल्यावर मोबाइल डेटावर उडी मारण्याची अशीच सोय आहे, तीही तपासा.

नेटगार्डसारखी फायरवॉल अ‍ॅप्स, म्हणजे कोणत्या अ‍ॅपला नेट द्यायचं ते ठरवणारे पहारेकरी, उरली ती साध्या अँड्रॉइडवाल्यांसाठी. फोन रूट करावा, म्हणजे त्याची आतली कुलपं तोडावी लागत नाहीत. प्रत्येक अ‍ॅपपुढे वायफायचं एक आणि मोबाइल डेटाचं एक चिन्ह, हवं ते दाबून अडवा. हे मुक्तस्रोत अ‍ॅप आहे, तुमची वाहतूक बाहेरच्या सर्व्हरकडे पाठवत नाही, फोनच्या आतच व्हीपीएन (सगळी वाहतूक ज्यातून जाते असा खासगी बोगदा) उभं करून गाळणी लावतं. पण घोडं इथेच अडतं: अँड्रॉइडवर एका वेळी एकच व्हीपीएन चालतं. घरून काम करणाऱ्या मुलाच्या फोनवर ऑफिसचं व्हीपीएन असेल तर नेटगार्ड विसरा. बॅटरी वाचवण्याच्या नादात काही फोन त्याला मध्येच झोपवतात, मग गाळणीही गेली. बॅटरीच्या निर्बंधांतून सूट आणि ‘ऑलवेज ऑन व्हीपीएन’, या दोन्ही गोष्टी केल्याशिवाय भरवसा ठेवू नका. ज्याला हे वाचूनच कंटाळा आला, त्याने डेटा सेव्हरवर समाधान मानावं.

गच्चीवर किंवा गाडीत एकाच्या हॉटस्पॉटवर चौघं बसतात तेव्हा वरचे सगळे नियम फसू शकतात, कारण बाकीच्यांचे फोन त्याला वायफायच समजतात. अँड्रॉइडला अँड्रॉइडचा हॉटस्पॉट सहसा ओळखू येतो. आयफोनचा असेल तर वायफायच्या त्या नावाला हाताने ‘मीटर्ड’ (मोजून वापरायचं नेट) ठरवा, म्हणजे डेटा सेव्हर तिथेही लागू होतो. फायदा मात्र डेटा सेव्हरचाच. शाओमीवर काढलेली सिमची खूण हॉटस्पॉटवर काहीच अडवत नाही.

ज्यांच्याकडे अमर्याद ५जीचा प्लॅन आहे त्यांना यातलं फारसं लागणार नाही. जुलै २०२४ च्या दरवाढीपासून जिओने ती सोय दिवसाला २ जीबी किंवा त्याहून जास्तीच्या प्लॅनपुरती ठेवली आहे. फोन ४जीवर उतरला की मात्र कोटा मोजला जातो, तेव्हा निदान व्हॉट्सअ‍ॅप आणि फोटोजची बटणं तरी लावून ठेवावीत.

आणखी एक, कारण यावरून घरात वाद होतात. अ‍ॅप अडवलं तरी त्याच्या सूचना येऊ शकतात. त्या अँड्रॉइडवर गूगलच्या आणि आयफोनवर अ‍ॅपलच्या सेवेमार्फत येतात, अ‍ॅप स्वतः नेटला हात लावत नाही. यूट्यूबची घंटी वाजली, दाबलं तर काही उघडत नाही, तर सेटिंग फसलं असं समजून सगळं परत चालू करू नका. ते बरोबर चाललंय.