कराटेचा क्लास की तालीम? सात-आठ वर्षांच्या मुलांच्या आईवडिलांसाठी

बॉक्सिंगचा विषय आमच्या घरात एका संध्याकाळीच संपला. समोरच्याच्या डोक्यावर ठोसा बसला की जिथे गुण मिळतात, तो खेळ एवढ्या लहान वयात नको, हे मला आणि बायकोला लगेच पटलं. अमेरिका आणि कॅनडातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांनीही २०११ साली हीच भूमिका घेतली होती. हेल्मेटने कातडी फुटायची वाचते, पण कवटीच्या आत मेंदूला बसणारा हिसका थांबत नाही. आणि या वयात डोकं अंगाच्या मानाने जड, मान कोवळी. म्हणून खरी निवड उरली ती कराटे आणि कुस्ती यांच्यात. आमचा मुलगा दीड वर्ष कराटेला गेला, आता वर्षभर तालमीत जातोय.

आधीच सांगून ठेवतो, मी कोल्हापूरचा. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेल्या खासबाग मैदानात वडिलांच्या मांडीवर बसून कुस्त्या बघितलेला माणूस. माझं मत वाचताना हे लक्षात असू द्या.

तरीही मुलाला पहिल्यांदा घातलं ते कराटेलाच, आणि ते चुकलं असं आजही वाटत नाही. हॉल घरापासून पाच मिनिटांवर, वेळ संध्याकाळची, मुली-मुलगे एकत्र, सर शांत स्वभावाचे. बुजऱ्या मुलासाठी काता, म्हणजे ठरलेल्या हालचाली ओळीने करणं, फार चांगला. कुणाच्या अंगाला हात न लावता एकट्याने करायचा असतो, त्यामुळे भीती चेपते. आमच्याकडे तो उभा राहायला, समोर बघून बोलायला तिथेच शिकला.

मला खटकत गेली ती बेल्टची परीक्षा. दर तीन महिन्यांनी परीक्षा, तिची फी वेगळी, बेल्टचे पैसे वेगळे. पैशाचंही एक वेळ सोडा. दीड वर्षात त्या क्लासमध्ये एकही मूल नापास झालेलं मी पाहिलं नाही. महिनाभर आजारी असलेला पास, काता अर्ध्यात विसरलेला पास. परीक्षेच्या दिवशी आम्ही सगळे पालक मोबाइल घेऊन भिंतीला टेकून उभे, आणि शेवटी सगळ्यांना एकेक पट्टा. पहिल्या वेळी मुलगा तो बांधूनच झोपला. चौथ्या वेळी त्याने घरी येऊन विचारलं, ‘‘बाबा, मला तर नीट आलंच नव्हतं, मग कसा पास झालो?’’ मला उत्तर देता आलं नाही.

त्याच आठवड्यात शाळेच्या मैदानावर पळापळीत कुणाचा तरी धक्का लागला आणि तो उताणा पडला, डोक्याची मागची बाजू जमिनीवर. सुदैवाने टेंगळावर निभावलं. पण चार पट्टे होऊनही पडायचं कसं, हे त्याला कुणी दाखवलं नव्हतं. सगळे क्लास असे नसणार. माझा अनुभव मात्र एवढ्या एकाच क्लासचा आहे.

तालमीत पहिले चार महिने वस्तादांनी त्याला फक्त पाडलं. कोलांटउड्या, गुडघ्यावरून बाजूला लोळणं, हनुवटी छातीला लावून पाठीवर पडणं. ‘‘बाळ, हनुवटी आत,’’ एवढंच दिवसातून पन्नास वेळा. हौद्यातली लाल माती रोज उकरलेली, ताक-तेल-हळद मुरलेली, त्यामुळे पडण्याचा धाक राहत नाही. उभी कुस्ती त्यानंतर, तीही स्वतःच्याच वजनाच्या पोराबरोबर. रोज तो दोन-चारदा चीत होतो, माती झटकतो आणि पुन्हा हात मिळवतो. ‘‘पोरगं बारीक आहे, तालमीत काय करणार?’’ असं घरच्यांनी विचारलं होतं. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं ते ५७ किलोच्या गटात, हे मी त्यांना सांगितलं.

तालमीच्या अडचणीही खऱ्या आहेत. पावसाळ्यात मुलाच्या मानेवर नायटा उठला, तेव्हापासून स्वतःचा टॉवेल, रोज धुतलेला लंगोट आणि आल्या आल्या आंघोळ, यात सूट नाही. पहाटे पाचला उठवणं ही आईवडिलांचीही मेहनत. मुलगी असेल तर अनेक तालमींत अजून तिची सोय नसते, तेव्हा गादीवरची कुस्ती किंवा ज्युदो बघा. आणि जत्रेतल्या इनामी कुस्त्या. आठ वर्षांच्या पोराला फडात उतरवून वर नोटा धरणारे लोक मी पाहिले आहेत. आमच्या वस्तादांना मी पहिल्याच दिवशी सांगितलं, बारा वर्षांपर्यंत फड नाही आणि खालच्या गटात बसवायला वजन उतरवणं तर नाहीच.

ही अट मला जपानकडे बघून सुचली. तिथे शाळांमधल्या ज्युदोत १९८३ पासूनच्या तीनएक दशकांत शंभराहून अधिक मुलं दगावली. पाय मागून अडकवून उताणं पाडण्याच्या डावात नवख्या मुलांचं डोकं आपटायचं. पुढे २०२२ साली तिथल्या ज्युदो महासंघाने प्राथमिक शाळेतल्या मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धाच बंद केली, कारण एवढ्या लहान मुलांची वजनं उतरवली जात होती आणि पालक पंचांवर ओरडत होते. म्हणजे धरपकडीचा खेळ आपोआप सुरक्षित होत नाही. शिकवणारा घाई करणारा असेल, तर मऊ मातीचाही उपयोग नाही.

तेव्हा नाव घालण्याआधी दोन्हीकडे आठवडाभर नुसतं बसून बघा. तालमीत बघा की नव्या पोराला उभ्या कुस्तीला कधी धरतात. पहिल्याच आठवड्यात धरत असतील तर दुसरी तालीम शोधा. कराटेच्या सरांना विचारा की गेल्या परीक्षेत किती मुलं नापास झाली. दोन-चार झाली असं ते मोकळेपणाने म्हणाले, तर मी मुलाला तिथेही बिनधास्त पाठवीन.