गोगलगाय अन् पोटात पाय: रीफ टँकच्या सफाईला नेमकं कोणाला ठेवायचं?

माझ्या आतेभावाने मांजलपूरच्या घरी दोन फुटी रीफ टँक लावलाय, म्हणजे खाऱ्या पाण्यात प्रवाळ (कोरल) ठेवायची काचेची टाकी. चौथ्या महिन्यात काचेवर तपकिरी थर आणि दगडावर हिरवी दाढी उगवली तसा त्याचा फोन आला, दादा स्नेल (समुद्री गोगलगायी) घेऊ की खेकडे घेऊ की कोळंबी, आणि ते माझ्या झोआंना (फुलांसारखे दिसणारे मऊ कोरल) खाणार तर नाहीत ना? दुकानवाल्याला विचारलं तर तो म्हणाला ‘बधुं चालशे’ (सगळं चालेल). वडोदऱ्यात कुठल्याही दुकानात कुठल्याही प्रश्नाला हेच उत्तर मिळतं, त्यामुळे त्याला फोनवर तासभर जे सांगितलं ते इथे नीट लिहून काढतोय.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा. सफाईसाठी जे स्नेल विकले जातात ते कोरल खात नाहीत, शेवाळ नाहीतर उरलंसुरलं खातात. त्रास होतो तो धक्क्याचा. स्नेल अख्खं पोट टेकवून कोरलवरून सरकतो (गोगलगाय अन् पोटात पाय ही म्हण ज्याने केली त्याने गोगलगाय उलटी करून बघितली असणार), कोरलला स्पर्श झाला की ते अंग चोरून मिटतं, स्नेल पुढे गेला की पंधरावीस मिनिटांत, फार तर तासाभरात परत उमलतं. हे अगदी नॉर्मल आहे. कच्छच्या आखातात पिरोटनला ओहोटीच्या वेळी बघा, तिथे कोरलांवरून असली वर्दळ रोज चालते, कोणी मरत नाही. पण तोच झोआ दिवसभर मिटलेला, दुसऱ्या दिवशी पण मिटलेला, असं झालं तर स्नेलला शिव्या न घालता दुसरा गुन्हेगार शोधायचा, त्याच्यावर पुढे येतोच.

आणि मी इथे झोआ, मश्रूम, लेदर असल्या सॉफ्ट कोरलबद्दलच बोलतोय कारण माझ्याकडे तेच आहेत. आपल्याकडे दगडी सांगाडा बनवणारे सगळे हार्ड कोरल वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत, तेव्हा कोणी ‘स्वस्तात देतो’ म्हणाला तरी त्या भानगडीत पडू नका.

आता खरी तुलना, टर्बो स्नेल की ट्रोकस स्नेल. बहुतेकांचा निर्णय इथेच होतो आणि इथेच चुकतो. मेक्सिकन टर्बो म्हणजे बुलडोझर. लांब केसाळ हिरवं शेवाळ, जे बाकीचे स्नेल बघून न बघितल्यासारखं करतात, ते हा आठवड्यात साफ करतो, कामात याला तोड नाही. पण आकार लिंबाएवढा, वजन त्याच हिशोबाने, आणि समोर काय आहे याची फिकीर शून्य. ट्रोकस लहान, शंकूसारखा, कडा रुंद, काचेवरचा थर आणि दगडावरचं बारीक शेवाळ मस्त खातो पण मोठी दाढी वाढलेली असेल तर त्याच्या आवाक्याबाहेर. वेग बघाल तर टर्बो जिंकतो, पण कोरलच्या शेजारी राहायला ट्रोकस शंभर पटीने सोयीचा, आणि वर एक मोठा फायदा, वाळूत उताणा पडला तर स्वतः पलटी मारून उभा राहतो. टर्बोला ते दर वेळी जमत नाही. अॅस्ट्रिया नावाचा जो स्वस्त स्नेल मिळतो त्याला तर जवळपास जमतच नाही, तो पडल्या जागी उपाशी मरतो नाहीतर खेकड्याचं जेवण होतो. ट्रोकस कधीकधी टँकमध्येच पिल्लं पण देतो, म्हणजे एकदा घेतले की निघतं काम. फक्त तो मोठा ट्रोकस निलोटिकस, ज्याच्या शिंपल्याची पूर्वी शर्टाची बटणं बनायची, तो २००१ मध्ये वन्यजीव कायद्याच्या यादीत आलाय, तो घ्यायचा नाही, छोटे पट्टेवाले बघायचे.

टर्बोचा माझा अनुभव सांगतो. माझा टँक १२० लिटरचा, त्यात मी एक टर्बो सोडला. दोन दिवसांत मागची काच आरशासारखी, मी खूश, ही पण म्हणाली की चला एकदाचा तो हिरवा फडका गेला. तिसऱ्या दिवशी केशरी झोआंचा फ्रॅग (प्लग नावाच्या छोट्या बैठकीवर लावलेला कोरलचा तुकडा) जागेवर नाही! मी आधी समजलो की खाल्ला. मग टॉर्च घेऊन शोधलं तर दगडामागच्या फटीत उपडा पडलेला, प्लग वर आणि झोआ वाळूत तोंड खुपसून, अर्धे पॉलिप (झोआंची एकेक फुलं) पांढरे पडून गळायला लागलेले. ढकलला होता टर्बोने, आणि खरं बोलायचं तर चूक माझी होती, मी तो प्लग नुसता दगडाच्या भोकात खोचला होता, चिकटवलाच नव्हता. आणि हो, असा पडलेला झोआ उघड्या हाताने उचलायचा नाही. काही झोआंमध्ये, विशेष करून पॅलिथोआंमध्ये, पॅलिटॉक्सिन नावाचं जबरी विष असतं, बोटाला चीर असेल किंवा ओला हात डोळ्याला लागला तर थेट दवाखाना. ग्लोव्ह घालायचे, आणि गरम पाण्याने दगड धुवायची हौस तर अजिबात करायची नाही, ती वाफ छातीत जाते.

टर्बोला नाही म्हणायचं आणखी एक कारण आपलं गाव. हा मेक्सिकोच्या बाजूच्या थोड्या गार पाण्यातला प्राणी. वडोदऱ्यात मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो, चिलर (पाणी गार ठेवणारं यंत्र) नसेल आणि दुपारी दोन तास लाइट गेली तर टँक तीस-एकतीसला सहज पोचतो. अशात लिंबाएवढा स्नेल दगडामागे मेला आणि कळलं नाही तर छोट्या टँकमध्ये अमोनिया भडकतो आणि मग मात्र सगळ्यांचाच निकाल. तर शंभर-सव्वाशे लिटरपर्यंत टर्बो नकोच असं माझं स्पष्ट मत आहे. फारच दाढी वाढली असेल तर मित्राकडून पंधरा दिवस उसना आणा आणि परत करा, आमच्या कारेलीबागेत एक टर्बो असा चार घरं फिरलाय.

वाळूचं खातं वेगळं, तिथे सेरिथ आणि नॅसेरियस हे दोन स्नेल. दुकानात दोन्ही एकाच वाटीत ठेवलेले असतात आणि लोक एकाच्या बदल्यात दुसरा घेतात. सेरिथ शेवाळ आणि कचरा खातो, निमुळता, इंचभर, रात्री बाहेर पडतो. नॅसेरियसला शेवाळात काडीचा इंटरेस्ट नाही, तो मांसाहारी, वाळूत पुरून नुसती सोंड वर काढून बसलेला असतो आणि मासळीचा वास आला की भुतांसारखे सगळे एकदम वाळूतून वर येतात, पोरांना हे बघायला फार आवडतं. नवरात्रात गरब्याहून दीड वाजता घरी आलो की मी लाल टॉर्च मारून टँक बघत बसायचो (लाल उजेडाने ते फारसे बिचकत नाहीत), तेव्हा कळलं की सेरिथ झोआंच्या मधल्या गल्ल्यांतून जातो, अंगावर कमीच चढतो, आणि झोआंच्या बुडाशी जे शेवाळ साचतं तेच नेमकं खातो. हे काम महत्त्वाचं आहे, कारण ते शेवाळ वाढलं तर झोआ उमलूच शकत नाहीत, म्हणजे सफाईवाला न ठेवणं हा पण कोरलला त्रासच आहे. नॅसेरियस तसे निरुपद्रवी, फक्त मश्रूमला कोळंबीचा तुकडा भरवलात तर एखादा वर चढून तो ओढायला बघतो. शेवाळासाठी सेरिथ, जास्त खायला घालायची सवय असेल तर सोबत दोन-तीन नॅसेरियस. नेराइट स्नेल शेवाळ चांगलं खातो पण भरती-ओहोटीच्या पट्ट्यातला असल्याने पाण्याबाहेर चढतो, झाकण नसेल तर सकाळी सोफ्याखाली सापडेल.

हर्मिट खेकडे (रिकाम्या शंखात घर करणारे) की स्नेल? लोकांना हर्मिट गोड वाटतात, आणि निळ्या पायाचे छोटे हर्मिट फटींमधलं शेवाळ खरंच छान उपटतात. पण त्याला मोठा शंख हवा झाला की तो तुमच्या ट्रोकसला मारून त्याचं घर बळकावतो, म्हणजे पगार दोघांना आणि काम एकाचं. रिकामे शंख टाकून ठेवले तर हे कमी होतं, बंद होत नाही. कोरलवरून पण हे टोकदार पायांनी चढतात, त्यामुळे झोआ स्नेलच्या वेळेपेक्षा जास्त दचकतात. मी ठेवत नाही, तुम्हाला ठेवायचेच असतील तर लाल पायाचे बघा, ते त्यातल्या त्यात शांत.

कोळंबीत खरा धोका आहे आणि तो ओळखण्यात चुकण्याचा आहे. पेपरमिंट श्रिम्प एप्टेशिया नावाचं उपद्रवी अॅनिमोन खाते म्हणून लोक आणतात. तिच्यासारखीच दिसणारी कॅमल श्रिम्प झोआ आणि मश्रूम चवीने खाते, आणि दुकानात बऱ्याचदा तीच पेपरमिंट म्हणून हातात देतात, मलाही एका दुकानाने दिली होती. दहा दिवसांत झोआंची कॉलनी टकली झाली आणि मी आपला पाण्याचे टेस्ट करत बसलो! फरक सोपा आहे, पेपरमिंटचं अंग थोडं पारदर्शक आणि लाल रेघा लांबीच्या दिशेने, कॅमलच्या पाठीला कुबड, डोळे मोठे, लाल अंगावर पांढऱ्या जाळीसारख्या रेघा. लाल-पांढऱ्या पाठीची क्लीनर श्रिम्प मात्र कोरल खात नाही, पण चोरटी एक नंबरची, मश्रूमने तोंडात घेतलेला घास पोटात हात घालून काढते, आणि भरवताना तिला आधी दुसऱ्या कोपऱ्यात तुकडा द्यावा लागतो, धाकट्या पोराला आधी लाडू द्यावा तसा.

एमराल्ड खेकडा बबल शेवाळ (फुग्यांसारखं) आलं असेल तरच, पोट भरलेलं असेल तोवर सज्जन, उपाशी राहिला की पॉलिप खुडतो. टक्सिडो अर्चिन (गोल काटेरी समुद्री प्राणी) शेवाळाचा राक्षस आहे पण अंग झाकायला मिळेल ते डोक्यावर घेऊन फिरतो आणि त्यात तुमचा सगळ्यात महागडा फ्रॅग आलाच. सी कुकंबर (समुद्रकाकडी) हा विषयच नको, २००१ पासून संरक्षित आणि टँकमध्ये मेला किंवा पंपात अडकला तर विष सोडून मासे मारतो.

आता तो दुसरा गुन्हेगार. झोआ रोज मिटलेलेच असतील तर त्यांच्या बुडाशी पांढऱ्या-तपकिरी चौकटीचा चपटा गोल शंख आहे का बघा, तो सनडायल स्नेल, झोआ हेच त्याचं जेवण, नवीन फ्रॅगबरोबर फुकट येतो. एवढा एकच स्नेल दिसल्याबरोबर चिमट्याने काढून फेकायचा, बाकीच्यांना जगू द्या.

भावाला मी सांगितलं ते असं, तुझ्या टँकला तीन ट्रोकस, चार सेरिथ, बस. दुकानवाला डझनाचं पाकीट गळ्यात मारेल, घेऊ नको, शेवाळ संपलं की ते उपाशी मरतात. आणल्यावर पिशवीतून थेट सोडायचे नाहीत, तासभर थेंब-थेंब टँकचं पाणी देत राहायचं, खारेपणाचा फरक स्नेलला माशापेक्षा जास्त लागतो. आणि सगळ्यात आधी प्रत्येक फ्रॅग जेल सुपरग्लूने चिकटव, जड असेल तर खाली एपॉक्सी पुट्टी, बोटाने ढकलून बघ, बोटाला हलला तर स्नेलला हलणारच. हो हो म्हणाला. मुंबईहून स्नेलचं पार्सल गुरुवारी सकाळी येतंय, आणि काल वहिनीला विचारलं तर ग्लू अजून आणलेला नाही.