घर खरं, फोन नंबर चोराचा: कोकणातल्या बुकिंगमध्ये पैसे कसे जातात

कोकणात समुद्रकाठच्या घरांच्या नावावर जी लूट चालते, तिच्यात घर बऱ्याचदा खरं असतं. मुरूडला, दिवेआगरला, देवबागला ते उभं असतं, फोटो त्याचेच असतात, रिव्ह्यूही राहून गेलेल्या माणसांनी लिहिलेले असतात. गुगल मॅपवर त्या घरापुढे दिसणारा फोन नंबर तेवढा चोराचा असतो. मॅपवरच्या नोंदीत कुणालाही बदल सुचवता येतो. मालकाने नोंद स्वतःच्या ताब्यात घेतलेली नसेल किंवा तिकडे त्याचं लक्ष नसेल, तर असा बदललेला नंबर कित्येक दिवस तसाच राहतो. घराची चौकशी करून माणूस निर्धास्त होतो आणि पैसे भलत्याच्याच खात्यात पाठवतो. त्यामुळे चौकशी करायची ती नंबराची.

दुसरा प्रकार फेसबुक-इन्स्टाग्रामवरच्या जाहिरातींचा. तिथे घरच नसतं. फोटो कधी केरळचे, कधी थेट बालीचे असतात. हे ओळखायला फोटो मोठा करून भिंतीवरचं प्लगचं सॉकेट पाहा. आपल्याकडे तीन गोल भोकं असतात, परदेशातल्या खोलीत बहुधा तसं नसतं. खिडकीबाहेर निळंहिरवं काचेसारखं पाणी आणि पांढरे कडे दिसत असतील, तर तो आपला किनारा नव्हे. कोकणात जांभ्याचा चिरा, नारळी-पोफळी, सुरूची झाडं आणि करडी-तपकिरी वाळू दिसते. समुद्रातून सूर्य उगवतानाचा फोटो असेल तर पुढे बोलायचीच गरज नाही, इथे तो समुद्रात मावळतो.

दिवाळीची सुट्टी, नाताळ ते 31 डिसेंबर, मे महिना आणि जोडून आलेल्या सुट्ट्या हा या चोरांचा हंगाम. चार ठिकाणी ‘फुल आहे’ ऐकलेल्या माणसाला पाचवा नंबर सांगतो, ‘एकच एसी रूम शिल्लक आहे, आत्ताच एक पार्टी कॅन्सल झाली.’ भाडं आजूबाजूच्या निम्म्यावर. लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर रेटकार्ड, लोगो, घराचे व्हिडिओ येतात. मागितलं नसतानाही आधार कार्डाचा फोटो येतो. तो बहुतेक वेळा आधी फसलेल्या कुणाचा तरी असतो. तुम्ही पाठवलेलं आधार पुढच्या गिऱ्हाईकाला असंच जाणार. ओळखपत्राचा फोटो आगाऊ पाठवायचाच झाला तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार पाठवा.

खरी गोम पहिल्या हप्त्यानंतर सुरू होते. समजा 4,000 रुपये अ‍ॅडव्हान्स गेला. दहा मिनिटांत फोन येतो: ‘सर, सिस्टीममध्ये पेमेंट होल्डला गेलंय, पावती निघत नाही. पूर्ण 8,000 टाका, आधीचे 4,000 आपोआप परत येतील.’ ते टाकले की ‘जीएसटीचा कोड चुकला, आता 8,001 टाका.’ पहिले पैसे अडकले आहेत या भीतीने माणूस पुढचे पाठवत जातो, त्यामुळे मोठी रक्कम जाते ती इथेच. शेवटी रिफंडसाठी क्यूआर कोड येतो किंवा स्क्रीन शेअर करायचं अ‍ॅप टाकायला सांगतात. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, पैसे येताना लागत नाही. रिफंडसाठी कुणी पिन टाकायला सांगितला तर तो उरलेलं खातं उपसतोय. आणि कुठल्याही प्रामाणिक घरमालकाची ‘सिस्टीम’ तीच रक्कम दुसऱ्यांदा मागत नाही. दुसरी मागणी आली की फोन ठेवा आणि गेलेल्या पैशांची तक्रार तेव्हाच करा.

याचा त्रास खऱ्या मालकालाही होतो. पुण्याहून सहा-सात तास गाडी चालवून रात्री नऊला एखादं कुटुंब दारात येतं, मुलं पेंगुळलेली, मोबाईलवर घराच्याच नावाची पावती. मालकीणबाईंच्या वहीत त्यांचं नाव नसतं आणि सगळ्या खोल्या भरलेल्या असतात. शेजारीपाजारी फोन करून त्या कुठेतरी सोय लावतात, तरी चिडलेल्या माणसाचा एक स्टारचा रिव्ह्यू त्यांच्याच घराला पडतो. घर चालवणाऱ्यांनी मॅपवरची आपली नोंद ताब्यात घ्यावी, आठवड्यातून एकदा नंबर तपासावा आणि फाटकावरच्या पाटीवर तोच नंबर ठळक रंगवावा.

पाहुण्यांना ती पाटी फार उपयोगी पडते. मॅपवर लोकांनी टाकलेल्या फोटोंत पाटी, जेवणाचं बिल किंवा व्हिजिटिंग कार्ड शोधा आणि त्यावरचा नंबर जुळतो का पाहा. मग दिवसाउजेडी व्हिडिओ कॉल करायला सांगा: खोलीतून निघून अंगण, फाटक, पाटी आणि समोरचा रस्ता, मध्ये कॅमेरा बंद न करता. ‘केअरटेकर गावाला गेलाय’ हे उत्तर आलं तर तिथेच थांबा. बोलता बोलता गावचं काहीतरी विचारा. गुहागरहून गणपतीपुळ्याला गाडीसकट जायचं तर फेरीबोट कुठून? तवसाळहून जयगडला, हे तिथला माणूस झोपेतही सांगेल. दापोलीकडून गुहागरला येताना दाभोळ-धोपावे, श्रीवर्धनकडून दापोलीच्या बाजूला जाताना बागमांडला-वेसवी. मुरूड दोन आहेत, एक रायगडमधलं जंजिऱ्याजवळचं आणि एक दापोली तालुक्यातलं हर्णैजवळचं. कुठलं मुरूड म्हणून विचारल्यावर जो गडबडतो, त्याचं तिथे घर नाही.

पिन टाकण्याआधी स्क्रीनवर खातेदाराचं बँकेतलं नाव दिसतं. ते वाचा. कोकणातली बरीच घरगुती ठिकाणं वैयक्तिक खात्यावरच पैसे घेतात, त्यामुळे नुसतं माणसाचं नाव दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही. पण बोलणारा एक, घर दुसऱ्याच्या नावाचं आणि खातं तिसऱ्याच राज्यातल्या कुणाचं, तर पैसे पाठवू नका. बिलावर जीएसटी लावत असतील तर 15 अंकी-अक्षरी क्रमांक मागा. महाराष्ट्राचा 27 ने सुरू होतो, गोव्याचा 30 ने, आणि जीएसटीच्या पोर्टलवर तो टाकला की नोंदलेलं नाव फुकट दिसतं. लहान घरगुती निवासांकडे जीएसटी नसतो, तो नसणं ही फसवणूक नव्हे. एमटीडीसीच्या, म्हणजे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या रिसॉर्टसाठी मात्र शोधात वर दिसणाऱ्या एजंटाला फोन करू नका, महामंडळाच्या स्वतःच्या साइटवरूनच बुकिंग करा.

किनाऱ्यावरची फसवणूक वेगळी, तिथे पैसे थोडे जातात पण जीवाशी गाठ असते. मालवण-तारकर्लीला ‘स्कूबासह दहा राइड’ अशी पॅकेजेस रस्त्यातच विकली जातात. घेण्याआधी विचारा: पाठीवर हवेचा सिलिंडर की वर बोटीवरच्या कॉम्प्रेसरमधून हवा देणारी नळी? किती फूट खाली? प्रत्यक्ष पाण्याखाली किती मिनिटं? प्रशिक्षक एका वेळी किती जणांना धरतो? फक्त तोंड पाण्यात घालून माशांना खाऊ घालणं म्हणजे स्कूबा नव्हे. व्हिडिओ दाखवतात तो दुसऱ्याच कुणाचा असतो, म्हणून आपली क्लिप मोबाईलवर उतरवून, चालवून बघितल्यावरच उरलेले पैसे द्या. एमटीडीसीचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र तारकर्लीतच आहे, तुलना करायला ते बरं. बोटीवर क्षमता लिहिलेली असते, डोकी मोजा आणि लाइफ जॅकेटचा बक्कल लावून पाहा. 24 मे 2022 रोजी तारकर्लीला स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात. जुलैतल्या पॅरासेलिंगचा अ‍ॅडव्हान्स मागणारा माणूस एक तर चोर आहे किंवा त्याहून वाईट.

पैसे गेलेच तर पहिला तास महत्त्वाचा, कारण ते भाड्याच्या खात्यात, म्हणजे चोराने दुसऱ्याच कुणाकडून वापरायला घेतलेल्या खात्यात पडतात आणि मिनिटामिनिटाला पुढच्या खात्यांत सरकवले जातात. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन लावा, लागला नाही तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा आणि आपल्या बँकेलाही कळवा. हाताशी यूपीआयचा 12 अंकी यूटीआर (त्या व्यवहाराचा) क्रमांक, वेळ, रक्कम आणि समोरच्याचा यूपीआय आयडी ठेवा. पैसे वाटेत कुठे सापडले तर ते गोठवता येतात. तीन दिवसांत कळवलं की बँक भरून देते, या समजुतीवर राहू नका. तो नियम तुमच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांचा आहे, आणि इथे पिन तुम्हीच टाकलेला असतो.

हे चोर चॅटला 24 तासांत मेसेज गायब होण्याची सेटिंग लावून ठेवतात, म्हणून ब्लॉक करण्याआधी सगळ्या चॅटचे स्क्रीनशॉट काढा, त्यात नंबर आणि तारीख दिसू द्या. पोलीस ‘हे मालवणचं आहे, तिकडे जा’ म्हणाले तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 सांगा. गुन्हा कुठेही घडला तरी कुठल्याही ठाण्यात माहिती नोंदवता येते, आणि मुंबई-पुण्याच्या माणसाने त्यासाठी सिंधुदुर्गात जायची गरज नाही.