ऑडॅसिटी: ग्रंथालयातल्या ध्वनिसंग्रहासाठी कितपत चालते?

विद्यापीठाच्या लोकप्रिय संगीत संग्रहात येणाऱ्या खोक्यांमध्ये कंपन्यांनी काढलेल्या रेकॉर्ड्सपेक्षा घरच्या कॅसेट्सचीच काळजी जास्त असते. डेमो, तालमी, प्रेक्षकांत बसून टेप केलेले कार्यक्रम. बाजारात आलेल्या अल्बमची दुसरी प्रत कुठे ना कुठे सापडते, तालमीच्या कॅसेटची सापडत नाही. या कॅसेट्स संगणकावर घ्यायची वेळ आली आणि हाती पैसा नसला की ऑडॅसिटी या आवाज रेकॉर्ड आणि संपादित करण्याच्या सॉफ्टवेअरचे नाव निघते. मुक्तस्रोत, फुकट, २००० सालापासून उपलब्ध, आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालणारे.

सॉफ्टवेअर चांगलेच आहे. अडचण एवढीच की ते आवाज बदलण्यासाठी बनवले आहे आणि संग्रहाचे काम आवाज न बदलता उतरवून घेण्याचे. त्यामुळे पहिला अर्धा तास सेटिंग्ज बदलण्यात जातो, आणि तो जायलाच हवा.

विंडोजवर ऑडिओ होस्ट (आवाज सॉफ्टवेअरपर्यंत पोचवणारी विंडोजची सोय) म्हणून एमएमई निवडलेले असते, ते बदलून वासापी करावे. नाहीतर इंटरफेस (डेकचा आवाज संगणकात आणणारे उपकरण) २४ बिटचा असूनही खरे २४ बिट फाइलपर्यंत पोचतीलच असे नाही, आणि फाइलच्या माहितीत मात्र २४ दिसत राहते. प्रोजेक्टचा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा) ९६ किलोहर्ट्झ ठेवावा आणि विंडोजच्या साउंड सेटिंगमध्येही तोच द्यावा. दोन्हीकडे वेगळे आकडे असले की मधल्यामध्ये रिसॅम्पलिंग होते, म्हणजे नमुने नव्याने मोजले जातात. आयएएसए या ध्वनी व दृक्श्राव्य संग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या टीसी-०४ या मार्गदर्शिकेत किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट सांगितले आहेत. ट्रॅकचा फॉरमॅट ३२ बिट फ्लोट असू द्यावा, २४ बिट त्यात जसेच्या तसे मावतात. पण एक्सपोर्टच्या वेळचा डिथर (मुद्दाम मिसळला जाणारा बारीक खरखराट) 'नन' करावा. मूळ आवाजात नसलेला खरखराट मास्टर प्रतीत मिसळायचे काही कारण नाही. सॉफ्टवेअर प्लेथ्रू (रेकॉर्ड होत असलेला आवाज परत ऐकवणारी सोय) आणि आवाज आल्यावरच रेकॉर्डिंग सुरू करणारी सोय, दोन्ही बंद. लेव्हल इंटरफेसच्या बटणावर लावावी, सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहिला की पुरे. नॉर्मलाइझ (पातळी आपोआप वाढवणे) नको.

हे सगळे नीट बसले का, हे पाहायला एक सोपी चाचणी आहे. एक्सपोर्ट केलेली वेव्ह फाइल त्याच प्रोजेक्टमध्ये परत आणायची, एकावर 'इन्व्हर्ट' (लहर उलटी करणे) लावायचा आणि दोन्ही ट्रॅक एकत्र मिसळायचे. सपाट रेषा आली तर फाइल जशीच्या तशी उतरली. मोठी करून पाहिल्यावर थरथर दिसत असेल, तर कुठेतरी डिथर किंवा गेन (आवाजाची वाढ-घट) शिल्लक आहे.

डेकवर चुकलेले काम ऑडॅसिटी निस्तरून देत नाही. डॉल्बी बी किंवा सी, म्हणजे टेपची सळसळ (हिस) दाबण्याच्या पद्धती, उलगडण्याची सोय त्यात नाही, तेव्हा ते डेकनेच करायला हवे. हेडचा अॅझिमथ (टेपशी होणारा कोन) प्रत्येक कॅसेटसाठी वेगळा जुळवावा लागतो, कारण घरी टेप केलेल्या प्रत्येक कॅसेटमागे निराळे यंत्र असते. दोन्ही चॅनल मोनोत मिसळून ऐकावे आणि वरचे स्वर सर्वांत स्वच्छ येईपर्यंत स्क्रू हलकेच फिरवावा. अॅझिमथ चुकला की वरचे स्वर टेपवरून उचललेच जात नाहीत, आणि नंतर कितीही ट्रेबल वाढवला तरी फुगतो तो फक्त हिस.

स्पेक्ट्रोग्रामसाठी (कोणत्या क्षणी कोणते स्वर आहेत हे दाखवणारे चित्र) मात्र या सॉफ्टवेअरला पैकीच्या पैकी गुण. सीडी-आरवर 'ओरिजिनल मास्टर' लिहिलेले असते आणि स्पेक्ट्रोग्राममध्ये १६ किलोहर्ट्झच्या वर सुरीने कापल्यासारखा काळोख दिसतो. ती बहुधा एमपी३वरून बनवलेली सीडी असते. ही गोष्ट कॅटलॉगच्या नोंदीत यायलाच हवी. कॅसेटचा वेगही तपासता येतो. रेकॉर्डिंगमध्ये विजेची घरघर आली असेल तर 'प्लॉट स्पेक्ट्रम'मध्ये (कोणत्या कंपनसंख्येला किती आवाज आहे याचा आलेख) ती ५० हर्ट्झला (काही देशांत ६०) दिसायला हवी. ५१.५ ला दिसली तर टेप तीन टक्के जलद चालते आहे. मात्र ९६ किलोहर्ट्झच्या फाइलवर ६५५३६ चा आकार घेतला तरी दोन बिंदूंमधले अंतर जवळजवळ दीड हर्ट्झ पडते, म्हणजे नेमका आकडा हाती लागत नाही. एक प्रत ८००० हर्ट्झवर रिसॅम्पल केली की हेच अंतर ०.१२ हर्ट्झवर येते. घरघर वाजवणाऱ्या यंत्राची आहे की मूळ रेकॉर्डिंगमधली, हे टेप थांबवून आधी ऐकावे.

दुसरी कामाची गोष्ट म्हणजे लेबले. आवाज चालू असताना कंट्रोल-एम दाबले की त्या क्षणावर लेबल पडते, तिथे गाण्याचे नाव टाइप करायचे. शेवटी ही लेबले साध्या मजकुराच्या फाइलमध्ये काढली की सुरुवात, शेवट आणि नाव टॅबने वेगळे होऊन येतात, आणि तक्ता थेट कॅटलॉगच्या कामाला लागतो. वाचकांसाठीच्या प्रती याच लेबलांवरून एकेक गाण्याने तोडाव्यात. मास्टर कधी तोडू नये: कॅसेटची एक बाजू, एक फाइल. गाण्यांमधली कुजबुज आणि तंबोरा-गिटार जुळवण्याचे आवाज यांतही अभ्यासकाला रस असतो.

आता उणिवा. ब्रॉडकास्ट वेव्हचा बेक्स्ट भाग, म्हणजे फाइल कुठून, कधी, कोणत्या यंत्रावरून आली हे फाइलच्या पोटातच लिहिण्याची जागा, ऑडॅसिटी भरून देत नाही. त्यासाठी बीडब्ल्यूएफ मेटाएडिट हे वेगळे, फुकट साधन वापरावे लागते. चेकसम (फाइल बदलली का हे ओळखण्याचा आकडा) काढण्याची सोय नाही. कामाचा असा लॉगही नाही, कोणत्या डेकवर कोणी काय केले ते हाताने लिहायचे. रेकॉर्डिंगमध्ये नमुने गळाले तर तिथे लेबल टाकून दाखवण्याची सोय आहे, ती चालूच ठेवावी, आणि असे एकही लेबल दिसले तर ती बाजू पुन्हा घ्यावी.

जागेचा हिशेब: ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ म्हणजे तासाला सुमारे २.१ जीबी. वेव्हची मर्यादा ४ जीबी, म्हणजे दोन तासांच्या थोडे पुढे. कॅसेटला अडचण नाही, हळू वेगाच्या मोठ्या स्पूलला येते. प्रोजेक्ट फाइल आणखी फुगते, तासाला २.८ जीबीच्या घरात. ती नेटवर्क ड्राइव्हवर किंवा क्लाउडशी जुळणाऱ्या फोल्डरमध्ये उघडू नये, बिघडू शकते. अलीकडच्या आवृत्त्या क्लाउडवर जतन करायचे सुचवतात. अप्रकाशित डेमो दात्याशी झालेल्या कराराखाली असतात, तेव्हा तिथे नाहीच म्हणावे.

आणखी एक बाब, जी संग्रहातच भेटते. घरच्या घरी संगीत करणारे दाते आता ऑडॅसिटीचेच जुने प्रोजेक्ट देऊ लागले आहेत. ३.० (२०२१) पासून सगळे एकाच एयूपी३ फाइलमध्ये असते. त्याआधी एक छोटी एयूपी फाइल आणि शेजारी 'डेटा' फोल्डरात शेकडो तुकडे. नुसती एयूपी उचलून आणली तर हाती रिकामा प्रोजेक्ट येतो. दोन्ही एकत्र घ्यावे, नावे बदलू नयेत, नव्या आवृत्तीत प्रतीवरच उघडावे, आणि प्रत्येक ट्रॅक वेगळ्या वेव्हमध्ये काढून ठेवावा.

नॉइज रिडक्शन (हिस काढण्याची सोय) फक्त ऐकण्याच्या प्रतीवर, आणि तेही ६ डेसिबलवरच. जास्त ओढले की झांजांचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. हिस परवडला.

दिवसाला तीन-चार कॅसेट्स, एक डेक आणि एक माणूस एवढाच पसारा असेल तर ऑडॅसिटी पुरते. साठ मिनिटांच्या कॅसेटला जुळवाजुळव, ऐकणे आणि नोंदी धरून दोन तास मोजावेत. चार डेक एकाच वेळी चालवून वेगवेगळ्या फाइली घ्यायच्या असतील, तर तशा कामासाठी बनवलेली इन्जेस्ट यंत्रणा घ्यावी आणि ऑडॅसिटी शेजारच्या संगणकावर तपासणीपुरती ठेवावी.