गिट्टीच्या रस्त्यावर नवी गाडी आणि चाळीस हजारांची पन्नी

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या मारेगाव-वणी पट्ट्यात नव्या गाडीच्या रंगाचा खरा वैरी म्हणजे समोरचा टिप्पर. कोळशाचे ट्रक, क्रशरवरून गिट्टी नाहीतर चुरी भरून निघालेले हायवा टिप्पर, फाळक्याच्या फटीतून गळणारा माल, आणि ताडपत्री असलीच तर अर्धी ओढलेली. त्यात रस्त्याचं काम बाराही महिने कुठे ना कुठे सुरूच. माझं कृषी केंद्र आहे. मालासाठी वणी, कंपनीच्या मिटिंगला नागपूर आणि उधारीच्या वसुलीला पांदण रस्ते, असं माझं फिरणं. दसऱ्याला लाल डिझायर घेतली आणि शोरूममधून थेट नागपूरच्या एका डिटेलिंगवाल्याकडे नेऊन तिला पीपीएफ, म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म, लावून घेतली. एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यावर हे लिहितोय.

आधी वस्तू काय आहे ते सांगतो. ही पारदर्शक फिल्म टीपीयूची असते, म्हणजे थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनची. माझ्या फिल्मची जाडी 190 मायक्रॉन आहे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). कंपनीतून येणाऱ्या गाडीवर प्रायमर, रंग आणि वरचा क्लिअर कोट मिळून साधारण 100 ते 120 मायक्रॉनचाच थर असतो. म्हणजे गाडीच्या सगळ्या रंगापेक्षा ही पन्नी जाड. तरी हातात घेतली तर वहीची दोन पानं एकत्र धरल्यासारखीच लागते. तिचं काम जाडीपेक्षा लवचिकपणावर चालतं. खडा आपटला की ती दबते, मार आजूबाजूला पसरवते आणि परत वर येते. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेच्या हेलिकॉप्टरांची पाती वाळू-खड्यांनी झिजू नयेत म्हणून ही जात पहिल्यांदा वापरात आली. तिथून रेसच्या गाड्यांवर, आणि आता आमच्या डिझायरवर.

भावाचं बोलू. फुल बॉडीचे नागपुरात 85 हजारांपासून दीड लाखापर्यंत आकडे ऐकले. गाडी घेतली त्या शोरूमवाल्यांनी तर याहून मोठा आकडा तोंडावर फेकला आणि वर "आजच बुक केलं तर डिस्काउंट" असं गाजर. माझ्या डिटेलिंगवाल्या दुकानदाराचं नेहमीचं पॅकेज म्हणजे फ्रंट किट: बोनेट, पुढचा बंपर, पुढचे दोन फेंडर म्हणजे चाकांवरचे पत्रे, आरसे, हेडलाइट. भाव 32 हजार. मी त्याला म्हटलं, मला दाराखालचा पत्रा आणि मागच्या चाकासमोरचा भाग पाहिजे. तो म्हणाला, "काका, तिथं कोणी लावत नाही, दिसतही नाही."

दिसत नाही हे खरं, पण माझी जुनी अल्टो दारात उभी होती आणि तिनं सगळा हिशोब अंगावर लिहून ठेवला होता. बोनेटच्या काठावर पांढरे ठिपके होते, पण गंज कुठे चढला होता? दाराखालच्या पत्र्यावर आणि मागच्या चाकाच्या कमानीच्या पुढच्या ओठावर. तिथला पत्रा नखानं पापुद्रे निघावेत इतका खाल्लेला. कारण उघड आहे. समोरच्या ट्रकचा खडा कधीमधी येतो, पण आपलीच पुढची चाकं गिट्टी उचलून मागच्या अंगावर किलोमीटरभर मारत राहतात. शहरात डांबर साफ असतं, म्हणून तिथल्या पॅकेजमध्ये हा भाग नाही. आणि एक गोष्ट: बंपर प्लास्टिकचा. त्याचा रंग उडाला तर गाडी भिकार दिसेल, पण गंज चढणार नाही. पत्रा मात्र उघडा पडला की आमच्या पावसाळ्यातला चिखल चार महिने त्यावर बसून राहतो.

म्हणून माझ्या मते गावाकडच्या माणसानं पैसे असे लावावेत: आधी दाराखालचा पत्रा आणि मागच्या चाकासमोरचा ओठ, मग बोनेट, मग बंपर. छताला आणि डिक्कीला पन्नी लावणं ही निव्वळ हौस. एसयूव्हीवाल्यांनी आधी खाली वाकून पाहावं. पुष्कळ गाड्यांना तिथे काळी प्लास्टिकची पट्टी कंपनीतूनच येते, मग हा खर्च वाचतो. डिझायरला ती नाही. घासाघीस करून दोन्ही बाजूंचा खालचा भाग धरून 40 हजारांत, जीएसटीसकट, ठरलं.

लावताना मी तिथेच खुर्ची टाकून बसलो. कारागीर पोरगा मोठा शांत. आधी गाडी धुतली, मग क्ले बारचा, म्हणजे रंगावरची बारीक घाण उचलणाऱ्या मऊ मातीसारख्या वस्तूचा, गोळा बोनेटवर फिरवला. नवीकोरी गाडी, तरी तो गोळा करडा झाला. ट्रेलरवरून येताना बसलेली लोखंडाची बारीक धूळ म्हणे. मग पत्र्यावर शाम्पूच्या पाण्याचा फवारा, पन्नीच्या चिकट बाजूवरही फवारा, आणि दोघांनी चार कोपरे धरून ती ओल्या बोनेटवर अलगद सोडली. ती पाण्यावर तरंगते, सरकवता येते. जागेवर बसली की मधून काठाकडे रबरी स्क्वीजीनं पाणी बाहेर हाकलायचं. बंपरच्या वळणावर हीट गननं शेकून ताणायचं, पण बेतानं, फार ताणली की तिथे चिकटच राहत नाही. पन्नी संगणकावरच्या साच्यानं प्लॉटरवर कापून आलेली होती, गाडीवर ब्लेड चालवलं नाही. हे आधी विचारून घ्या. ब्लेडनं गाडीवरच कापणारे आहेत, आणि हात जरा जड पडला की ज्या रंगाला वाचवायचं त्यावरच रेघ.

बोनेटचे काठ त्यानं आत दुमडून दिले, काम सफाईचं. खालच्या पत्र्याला साचा नव्हता. सरळ रोलमधून पट्टे कापून लावले आणि तेही नीट बसले. पाण्याचे दोन-तीन फुगे राहिले होते, ते आठवडाभरात आपोआप गेले. तोवर गाडी धुवायची नाही, अशी ताकीद होती. "नवा रंग पक्का होऊ द्या, महिनाभर थांबा," असं आमच्याकडे दोघा-तिघांनी सांगितलं होतं. कंपनीचा रंग भट्टीत भाजूनच येतो, त्याला थांबायची गरज नाही. गॅरेजमध्ये रंगवलेल्या भागाला मात्र थांबावं लागतं, आणि पुढे पन्नी काढताना तो रंग सोबत निघायची भीतीही असते.

घरी आल्यावर बाबांनी गाडीला एक फेरी मारली. "चाळीस हजाराची पन्नी? इतक्यात एक बैल आला असता गा!" आईनं तेवढ्यात बोनेटवर हळदीचं स्वस्तिक काढून वर कुंकू लावलं. पूजा झाल्यावर पुसलं, कुंकू गेलं, हळद राहिली. पन्नीच्या वरच्या थरात पिवळा डाग शिरला. दुकानदाराला फोन केला तर तो हसला, "उन्हात ठेवा काका." खरंच, चार-सहा दिवसांच्या उन्हानं हळद उडून गेली. तरी पूजेला हळदी-कुंकवाचं बोट बंपरच्या नंबर प्लेटवर लावा, देवाला चालतं.

आता मुद्द्याचं. गिट्टी थांबते का? बहुतेक थांबते. वडकीच्या अलीकडे हायवेवर एका टिप्परच्या मागे होतो, ओव्हरटेक करणार तेवढ्यात बोनेटवर टण्णकन आवाज झाला. घरी येऊन मोबाइलच्या टॉर्चमध्ये पाहिलं. पन्नीवर अर्धचंद्रासारखी बारीक चीर, ज्वारीच्या दाण्याएवढी, कडेला पांढरट. नख फिरवलं तर चीर लागत होती, पण खालचा लाल रंग सलग होता. पन्नी नसती तर तिथे प्रायमर दिसला असता. असे चार-पाच मार बोनेटवर आहेत. उभं राहून दिसत नाहीत, वाकून तिरप्या उजेडात पाहिलं तर दिसतात.

खालच्या पत्र्याची गंमत वेगळी. तिथली पन्नी आता गुळगुळीत राहिलेली नाही, बारीक खड्ड्यांनी भरलीय. सगळा मार तिनं खाल्लाय. एका जागी, डाव्या मागच्या चाकासमोर, धारदार तुकडा पन्नी फोडून रंगापर्यंत गेला. क्रशरची गिट्टी म्हणजे काळा बेसॉल्ट, फुटलेला, कोनाकोनाचा. नदीतल्या गोट्यासारखी गोल नाही. वेगात तिची टोकदार बाजू बसली तर कोणतीही पन्नी हमी देऊ शकत नाही, आणि वॉरंटी कार्डावर तसं छापलेलंही असतं. पिवळी पडली, भेगा पडल्या, निघून आली तर वॉरंटी. दगडाचा मार तुमचा.

ओरखडे आपोआप भरतात असं जे विकताना सांगतात ते खरं आहे, पण अर्धं. वरचा थर उष्णतेनं मऊ होऊन बारीक रेघा भरून काढतो. धुताना कापडानं उठलेल्या गोल रेघा, सोयाबीनच्या काडीचे ओरखडे हे सगळे जातात. पुण्या-मुंबईकडे त्यासाठी गरम पाणी ओतावं लागत असेल. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी गाडी अंगणात उभी करा, बोनेटला हात लावायची सोय नसते, रेघा आपोआप गायब. पण जिथे पन्नी चिरली ती चिरलीच, ऊन तिला शिवत नाही.

तक्रारी आहेत. बंपरच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात काठ दुमडायला जागा नव्हती, तिथून पन्नी पावसाळ्याच्या तोंडावर उचलली आणि आत माती शिरली. दुकानदारानं एक पैसा न घेता तो तुकडा बदलून दिला, याबद्दल त्याला पूर्ण मार्क. पण दुकान नागपूरला. जायला-यायला पेट्रोल आणि केंद्र दिवसभर बंद. फुकटच्या कामाला माझे दोन-अडीच हजार गेले. इतक्या लांबून येणाऱ्या गिऱ्हाइकाचे काठ पहिल्याच दिवशी दोनदा तपासायला पाहिजेत, हे मी त्याला तोंडावर सांगितलं.

दुसरी तक्रार कोळशाची. वणीकडे जाणाऱ्या कोणत्याही गाडीवर ती काळी भुकटी बसते. पन्नीच्या काठाला जो जरासा चिकटपणा बाहेर राहतो तिथे ती धरून बसते, आणि फेंडरवर काळी रेघ उमटते. लालवर खपून जाते. पांढरी गाडी असेल तर मन घट्ट करा. ओल्या मायक्रोफायबर कापडानं नखाच्या टोकावर हळू घासलं की निघते, पण महिन्यातून एकदा तरी ते करावं लागतं. आणि आमच्या इकडच्या वॉशिंग सेंटरवर चकाकीसाठी अंगावर डिझेल मारायची सवय आहे, ते पन्नीवर अजिबात चालू देऊ नका. प्रेशरचा पाइपही काठापासून हातभर लांब. मी आता तिथल्या धुणाऱ्या पोराच्या शेजारी उभा राहूनच गाडी धुवून घेतो, त्याला ते आवडत नाही.

बाजारात 20-25 हजारांत फुल बॉडी करून देणारेही भेटतील. ती बहुतेक पीव्हीसी, म्हणजे स्वस्तातल्या प्लास्टिकची, असते. ओळखायला सोपं: दुकानात नमुन्याचा तुकडा मागा आणि दोन्ही हातांनी ताणा. टीपीयू ताणून सोडली की परत जागेवर येते. पीव्हीसी ताठ असते, ताणली तर तशीच राहते. आमच्या 45 अंशांच्या उन्हात ती पिवळी पडते, कडक होते आणि काढताना तुकड्या-तुकड्यानं निघते. रोलच्या खोक्यावरचा नंबर आणि वॉरंटी कार्डावरचा नंबर एकच आहे ना, तेही डोळ्यांनी पाहून घ्या. आणि जो सिरॅमिक कोटिंग लावून "गिट्टीपासून बचाव" म्हणतो त्याला नमस्कार करून निघा. तो थर चमक देतो, पाणी घसरवतो, पण असतो मोजक्या मायक्रॉनचा. दगडापुढे त्याचं काही चालत नाही.

पैसे वसूल होतात का, असं विचाराल तर नुसत्या हिशोबानं नाही. वणीत एक भाग रंगवायला चार-पाच हजार घेतात, म्हणजे 40 हजारांत आठ-दहा भाग होतील. फरक एवढाच की गॅरेजचा रंग कंपनीच्या रंगाशी तंतोतंत जुळत नाही, लालमध्ये तर नाहीच, आणि विकताना घेणारा पहिला प्रश्न रंगाचाच विचारतो. ठिपक्यांसाठी विम्याचा क्लेम करायला गेलात तर नो क्लेम बोनस जातो, ते वेगळंच.

ज्याचा हात 40 हजारांपर्यंत पोहोचत नाही त्यानं एक करावं: चारही चाकांना रबरी मडफ्लॅप. हजाराच्या आसपास काम होतं, आणि स्वतःच्या चाकांनी उडवलेली बरीच गिट्टी तिथेच अडते. मी पन्नी लावूनही ते लावलेत. त्याउप्पर सवड असेल तर फक्त खालच्या पत्र्याचे पट्टे करून घ्या, मला त्याचे वेगळे आठ हजार पडले.

आणि निघताना उरलेला तुकडा मागून घ्या. पैसे तुम्ही रोलचे मोजलेले असतात. मी हातभर पट्टी मागितली आणि त्याच कारागीर पोराकडून ती डिक्कीच्या काठावर, बंपरच्या वरच्या बाजूला, लावून घेतली. खताच्या पिशव्या आणि फवारणी पंप तिथूनच ओढले जातात. दुकानदारानं ते बिलात धरलं नाही, पण मागितल्याशिवाय स्वतःहून दिलंही नसतं.