एकाच दिग्दर्शकाच्या दोन डिस्क, सहा महिन्यांनंतर

सहा महिन्यांपूर्वी दोन डिस्क एकदमच घेतल्या. एक ‘स्टॉप मेकिंग सेन्स’ (१९८४), म्हणजे टॉकिंग हेड्स या बँडच्या मैफलीची फिल्म, आणि दुसरी ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’ (१९९१) हा थ्रिलर. दोन्हींचा दिग्दर्शक जोनाथन डेमी. तेव्हा हा निव्वळ योगायोग वाटला होता. आतापर्यंत मैफल दहा-बारा वेळा बघून झाली, थ्रिलर तीनदा.

मैफल मी खरं तर इस्त्री करताना मागे वाजत राहील म्हणून घेतली होती. तो बेत पहिल्याच दिवशी फसला. उघडाबोडका रंगमंच, आणि बँडचा गायक डेव्हिड बर्न हातात गिटार आणि कॅसेट प्लेअर घेऊन एकटाच येतो. दुसऱ्या गाण्याला बेस गिटार घेऊन टीना वेमथ, तिसऱ्याला ड्रम्स. काळ्या कपड्यांतली माणसं ते ड्रम्स सरळ आपल्यादेखत ढकलत आणतात. गाण्यागणिक बँड उभा राहत जातो, आणि इस्त्री बाजूला पडते.

हॉलिवूडच्या पँटेजिस थिएटरमध्ये डिसेंबर १९८३मध्ये हे चित्रित झालं. थिएटर भरलेलं आहे, पण डेमी शेवट येईपर्यंत प्रेक्षक जवळपास दाखवतच नाही. इतर मैफलींच्या व्हिडिओंत दर दहा सेकंदांनी कुणीतरी डोळे मिटून डोलत असतं आणि आपल्याला ‘बघा, किती रंगलंय’ असं सांगत असतं. इथं ते सांगणारं कुणी नाही. कॅमेरा वादकांच्या चेहऱ्यांवर निवांत थांबतो. एकमेकांकडे बघून हसणं, घाम, दमलेला श्वास, सगळं दिसतं. बर्न घालतो तो अवाढव्य कोट पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी खूप हसले होते. आता मी त्यापेक्षा त्याच्या उभ्या दिव्याबरोबरच्या नाचाची वाट बघते. कपडे बदलायला बर्न आत जातो आणि बाकीचे एक गाणं म्हणतात, तिथं मात्र मी दर वेळी पाणी प्यायला उठते.

एक सूचना: टीव्हीतलं मोशन स्मूदिंग (हालचाल जास्त गुळगुळीत दाखवणारी सोय) बंद करा. माझ्या टीव्हीवर ते आपोआप चालू होतं आणि पहिले दोन आठवडे ही सुंदर फिल्म मला स्टुडिओतल्या मालिकेसारखी दिसत होती. आवाजासाठी हेडफोन लावा. टीव्हीच्या स्पीकरवर बेसची पार वाट लागते.

आता थ्रिलर. (शेवट माहीत नसेल तर हा परिच्छेद सोडा.) रहस्य कळल्यावर अशा सिनेमात काय उरतं? तिसऱ्यांदा बघताना मी फक्त नजरा बघितल्या. एफबीआयची शिकाऊ तपासनीस क्लॅरिस हिच्याशी बोलणारे पुरुष थेट लेन्समध्ये, म्हणजे आपल्याकडेच बघतात. ती मात्र किंचित बाजूला. त्यामुळे तिच्यावर रोखलेली प्रत्येक नजर आपल्या अंगावर येते. कैदेतल्या नरभक्षक डॉक्टर लेक्टरच्या भूमिकेत अँथनी हॉपकिन्स पडद्यावर अर्धा तासही नाही, यावर तर माझा अजून विश्वास बसत नाही. दारावरच्या बेलची ती चलाखी माहीत असूनही मी दर वेळी फसते. आणि अंधाऱ्या तळघरात, इतका वेळ तिच्या जागी उभे असलेले आपण अचानक खुन्याच्या डोळ्यांनी तिच्याकडे बघू लागतो. त्याचा हात तिच्या केसांपर्यंत जातो. तिथं माझा हात अजूनही रिमोटकडे जातो.

खुन्याचं चित्रण मात्र दर खेपेला जास्त खटकतं. त्याचं बायकी वागणं हेच भीतीचं साधन केलंय. तो खरा ट्रान्स नाही, अशी सारवासारव संवादात आहे, पण पडद्यावर जे दिसतं ते त्या वाक्यानं पुसलं जात नाही. सिनेमा आला तेव्हाही यावर टीका झाली होती, आणि ती रास्तच होती.

एकच घ्यायची तर मैफल घ्या. थ्रिलर वर्षातून एकदा पुरतो.

परवा रात्री थ्रिलर संपल्यावर झोप येईना, म्हणून मन हलकं करायला मैफल लावली. बर्न आला, कॅसेट सुरू झाली, आणि तेव्हा कुठं आठवलं की पहिलं गाणं ‘सायको किलर’ आहे.