नवी पेठेतलं प्रिंटिंगचं दुकान : वंशावळीचा चार्ट करायचा असेल तर इथंच जा

शाळेच्या इतिहास प्रदर्शनासाठी आर्त्वा या उत्तर फ्रान्समधल्या जहागिरीची काउंटेस (जहागीरदारीण) माओ हिची वंशावळ मोठ्या चार्टवर हवी होती. आधी दुसऱ्या एका दुकानात दिलेली, तिथं युनिकोडचा मजकूर डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकल्यावर सगळी जोडाक्षरं फुटली, 'आर्त्वा' तर वाचताच येत नव्हतं, आणि तसंच प्रिंट मारून हातात दिलं. मग इथं आले.

इथल्या डिझाइन करणाऱ्या पोरानं आधी फॉन्ट बदलून एकेक नाव माझ्याकडून तपासून घेतलं आणि मग मला विचारलं, "मॅडम, भावाचा पोरगा असताना जहागीर आत्याला कशी काय मिळाली ओ?" अख्ख्या चार्टचा जीव तोच तर आहे! माओ म्हणजे फ्रान्सचा राजा नववा लुई, त्याच्या सख्ख्या भावाची नात. आजोबा १२५० मध्ये इजिप्तमधे मन्सूराच्या लढाईत गेले, भाऊ फिलिप १२९८ मध्ये लढाईतल्या जखमांनी, आणि वडील रोबेर दुसरे १३०२ मध्ये कोर्ट्रेच्या लढाईत. आर्त्वाच्या रिवाजात मेलेल्या मुलाच्या जागी नातू उभा राहू शकत नव्हता, हयात असलेलं मूल वारस, म्हणून आर्त्वा माओकडं आलं. भाचा रोबेर (फिलिपचा मुलगा) मोठा झाल्यावर भांडायला उठला, १३०९ आणि १३१८ ला निकाल दोन्ही वेळा आत्याच्याच बाजूनं लागला. आपल्याकडं भाऊबंदकी असते तशीच, फक्त इथं आत्या-भाच्यात. माओ १३२९ ला गेल्यावर त्यानं खोटे कागद पुढं केले, ते पकडले गेले, १३३२ मध्ये देशाबाहेर काढला आणि तो पुढं गेला इंग्लंडच्या राजाकडं. १३३७ ला इंग्लंड-फ्रान्समधलं शंभर वर्षांचं युद्ध पेटलं त्यात त्याचाही हात होता.

हे सगळं ऐकल्यावर दुकानातल्या पोरानं स्वतःहून वारसाची रेघ लाल केली, भाच्याच्या दाव्याची तुटक निळी, आणि लढाईत गेलेल्यांच्या नावाला काळी चौकट. माओच्या दोन्ही मुली, जान आणि ब्लांश, राजघराण्यात दिलेल्या, दोघींचे नवरे पुढं राजे झाले (पाचवा फिलिप, चौथा चार्ल्स), पण १३१४ च्या व्यभिचाराच्या प्रकरणात ब्लांशला कैद झाली. ती आडवी फांदी मला बसवताच येत नव्हती, त्यानं बाजूला वेगळी चौकट करून अशी बसवली की सातवीच्या पोरांना पण बोट ठेवून सांगता येतंय. नवऱ्यामागं पंचवीसेक वर्षं एकटीनं जहागीर चालवलेली बाई आहे ही माओ, तिचं नाव मधोमध सगळ्यात मोठं पाहिजे हे मी सांगायच्या आधीच त्यानं केलेलं होतं, मला फार बरं वाटलं.

फ्लेक्स घेऊ नका, चमकतो आणि लांबून वाचता येत नाही, मॅट कागदावर घ्या. थोडा महाग पडतो. संध्याकाळी लग्नपत्रिकांची गर्दी असते, निवांत बसून काम करून घ्यायचं असेल तर सकाळी दुकान उघडलं की जावा, आणि नावं मोबाईलवर टाईप करूनच न्या.